खिडकीपाशी दुसऱ्यानं घेतलेलं नाव

मागच्या महिन्यात गुडघा दाखवायला सांगलीला, विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात गेले होते. बरोबर नातसून. काचेपलीकडं एक पोरगी कॉम्प्युटरवर बसलेली. नाव, वय, गाव तिनं टाइप केलं आणि मान वर न करता मोठ्यानं विचारलं, "आजी, आधी काही मोठा आजार? बीपी, शुगर, टीबी, असलं काही?"

मागं माणसांची रांग. पडद्याचं तोंड अर्धं रांगेकडं, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं असं. नातसूनच म्हणाली, "नाही हो, आमच्या आजी ठणठणीत आहेत. गुडघा सोडला तर काही नाही."

मी म्हणाले, "पोरी, आधी त्या पडद्याचं तोंड तुझ्याकडं फिरव."

ती हसली. "घाबरू नका आजी. सगळं सेफ असतं. पासवर्ड आहे त्याला."

"पासवर्ड आतल्या माहितीला असंल. तू तर बाहेरच बोलतीयास."

मग काठी टेकत बाजूच्या दारातून आत गेले, तिच्या कानाशी वाकले आणि सांगितलं. टीबी. बांगलादेशाची लढाई झाली त्याच्या पुढच्या साली. पूर्ण बरा झाला. पोरीनं माझ्याकडं नीट बघितलं, पडदा फिरवला आणि बटणं दाबली.

नातसुनेला परत येताना रिक्षात सांगितलं. तिला ठाऊकच नव्हतं. ती म्हणाली, "आजी, हे लिहून काढा. आजसुद्धा लोक लपवतात आणि लपवता लपवता मरतात." म्हणून लिहायला बसले आहे. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही. अक्षरं शिकले ती लग्नानंतर, चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून. मालक मिलिटरीत. त्यांचं पत्र आलं की कुणीतरी शिकलेला ओट्यावर बसून ते सगळ्यांपुढं वाचायचा. "तुझी आठवण येते" हे सासऱ्यांच्या देखत ऐकायची पाळी आली, त्या दिवशी ठरवलं की आपलं पत्र आपणच वाचायचं. तेव्हा लिहिण्यात इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

पदरावरचा ठिपका

आमची वस्ती आष्ट्याच्या अलीकडं. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. त्या थंडीत मला खोकला धरला आणि सगळे म्हणाले, गुऱ्हाळाचा धूर लागलाय. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध दिला. संध्याकाळ झाली की अंग कोमट व्हायचं. अंगातलं पोलकं महिन्या-महिन्याला ढिलं होत होतं. मंगल, माझी मुलगी, तीन वर्षांची. तिला कडेवर घेतलं की दम लागायचा.

एक दिवस गुऱ्हाळाच्या चुलाणापाशी, रस कढवायच्या भट्टीपाशी, उभी असताना उबळ आली. पदर तोंडाला लावला, काढला, तर त्यावर लाल ठिपका. मी पदराचं ते टोक पटकन उसाच्या रसात बुडवलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. लपवायची बुद्धी दुखण्याच्या आधीच आली, एवढं खरं.

आष्ट्याला एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. मग कंपाउंडरला म्हणाले, "जरा बाहेर बस." दार स्वतः उठून लावलं. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, मला क्षयाचा संशय आहे. सांगलीला सरकारी दवाखान्यात जा, थुंकी तपासा, छातीचा फोटो काढा. औषध आहे, माणूस बरा होतो. पण मधे सोडायचं नाही. आणि हे आत्ता तुम्हाला आणि मलाच ठाऊक आहे. घरात कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा."

त्या बंद दाराचं मोल मला त्या दिवशी कळलं नाही. पुढं सांगलीला कळलं.

मरणाची भीती वाटली का, असं नातसुनेनं विचारलं. वाटली असेल. पण पहिली भीती वाटली ती शकूची. शकू म्हणजे माझी धाकटी नणंद. एकोणीस वर्षांची, गोरीपान, शेणानं सारवायला बसली तरी गाणं म्हणणारी. तिची सुपारी फुटली होती. तासगावकडचं बागायतदाराचं घर, पोरगा शिकलेला, वैशाखात लग्न. आणि क्षय म्हणजे त्या काळी घराण्याला लागलेला डाग. एका भिंतीआडच्या माणसाला झाला की त्या घरातली पोरगी कोण करून घेणार?

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली.

"कुणाला म्हंजे कुणाला सांगायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "शकूच्या अक्षता पडूस्तवर. कोण इचारलं तर म्हणायचं, कान दुखतोय. कानाचा दवाखाना सांगलीतच हाय."

"आणि शकूला?"

"तिला तर अजाबात न्हाई."

मामंजी, म्हणजे सासरे, दारात उभे राहून ऐकत होते. टोपी घातली आणि शेताकडं गेले.

केसपेपरची खिडकी

सांगली निवडली ती एवढ्यासाठीच, की आष्ट्यात, इस्लामपुरात चार पावलांवर ओळखीचं माणूस भेटतं. सांगली मोठी. तिथं आपल्याला कोण ओळखतंय? बरोबर माझी धाकटी जाऊ हौसा. पोरगी खमकी, कुणाच्या बापाला न भिणारी. म्हणून तिला धाडलं.

आता एक गोष्ट सांगते, तिच्यावरच पुढचं सगळं घडलं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. धाकटी जाऊ थोरल्या दिराचंही घेत नाही. आम्ही दोघी पहाटेच्या एस्टीनं निघालो. डबा घेतला, डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, कान दुखतोय हे पाठ केलं. पण घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की या दोघींच्या तोंडून ते एक नाव निघणार नाही.

खिडकीत कारकून. मागं ही रांग.

"नाव?"

सांगितलं.

"नवऱ्याचं नाव?"

मी हौसाकडं बघितलं. हौसानं माझ्याकडं.

"नवऱ्याचं पूर्ण नाव, बाई!"

"सांग की गं," मी हौसाला म्हणाले.

"मी कसं सांगू? थोरलं दीर हायेत माझं."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "नवरा हाय का न्हाई?"

"हाय की! मिल्ट्रीत हायेत!" हौसा फणकारली.

"मग त्येला नाव न्हाई व्हय? नुसता नंबर हाय?"

रांगेत हशा पिकला. मी हळूच म्हणाले, "देवाचं नाव हाय."

"देव काय एक हाय का, बाई? तेहतीस कोटी हायेत. उखाणा घ्या पायजे तर. आमी ऐकतो."

मागनं एक म्हातारी म्हणाली, "आगं घे की पोरी, हितं कोण सासरा बसलाय तुजा!"

मला उखाणा येत होता. लग्नात घेतलेला होता. पण मनात आलं, ते सीमेवर आहेत. लढाई संपली असं रेडिओवर सांगतात, पण माणूस अजून घरी आलेला नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे मी आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकत आले. एका कागदासाठी मी ते घटवणार नव्हते. कुणी हसा, कुणी काही म्हणा.

तेवढ्यात रांगेतून आवाज आला, "आवं सायेब, थांबा, मी सांगतो की!"

वळून बघते तर सोपानतात्या. आमच्याच वस्तीवरचे, आमच्या बांधाला बांध लागून. मोतीबिंदू काढलेला दाखवायला आलेले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. पुढं सरून त्यांनी मालकांचं नाव सांगितलं. बापाचं नाव, आडनाव, गाव, वस्ती, सगळं. वर म्हणाले, "लय खानदानी घर हाय, सायेब. ह्येंची नणंद तर आता तासगावला द्यायची हाय, मोठ्या बागायतदाराच्यात."

हौसा म्हणाली, "तात्या, देवासारखं धावून आला बगा." खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं.

कारकुनानं लिहून घेतलं. मग आष्ट्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी उलगडली, वाचली आणि त्याच आवाजात म्हणाला, "क्षयाचा विभाग डाव्या हाताला. थुंकीची डबी तितं मिळंल. आणि पदर लावा तोंडाला, लोक हायेत हितं. हां, पुढचा!"

रांग एक पाऊल मागं सरली. सोपानतात्या तेवढे सरले नाहीत. त्यांचा तो एक उघडा डोळा माझ्यावर थांबला आणि त्यात पाणी आलं. "आगं आई गं," म्हणाले. "पोरी, लय वंगाळ झालं गं."

मी पुढं आयुष्यभर ह्याचा विचार केला आहे. तात्यांनी नुसतं नाव सांगितलं. कारकुनानं नुसतं दुखणं सांगितलं. दोघांच्याही मनात काळं नव्हतं. नाव एकट्यानं कुणाचं वाईट करत नाही. दुखणंही एकटं असेल तर करत नाही, दवाखान्यात शंभर दुखणी असतात. ती दोन्ही एका खिडकीपाशी, एका दमात, दहा माणसांच्या कानावर पडली, तिथं शकूचं लग्न मोडलं. आम्हाला ते कळायला आणखी थोडे दिवस लागले, इतकंच.

शेळीचं दूध

दुसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळावर माणसं कामाला लागलेली. सोपानतात्या चरवी घेऊन आले आणि बांधावरूनच ओरडले, "वैनी! शेळीचं दूध आणलंय! क्षयाला लय गुणाचं आसतंय!"

आत्याबाईंनी पुढं होऊन चरवी घेतली. चुलाणात चिपाडं घालणारा गडी हात तसाच धरून उभा राहिला.

तात्या रोज दूध आणायचे. कधी चुकले नाहीत. त्यांच्यावर रागवावं कसं? आणि गावानं तरी काय केलं? कुणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर भांडता आलं असतं. बायका आल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, "जीवाला जप गं" म्हणाल्या आणि गेल्या. विहिरीवर मी गेले की दोर आधी माझ्या हातात द्यायच्या. मला वाटायचं, मान देतात. मग लक्षात आलं, मी गेल्यावर त्या दोर धुऊन घेत होत्या.

शकूला असंच कळलं. विहिरीवर. घरी आली, घागर ठेवली आणि मला म्हणाली, "वैनी, कानाचं मला का सांगितलासा? मी काय परकी हाय?" बस्स, तेवढंच.

मग एके दिवशी नवऱ्यामुलाचे मामा आले. मोठा फेटा, चांगला बोलका माणूस. मागं सुपारीला आले होते तेव्हा तीन वेळा पोहे मागून खाल्ले होते. मामंजींनी घोंगडं अंथरलं. शकूनं पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. चहा नेऊन ठेवला. मामा बैलांचं बोलले, उसाच्या खोडव्याचं बोलले, तुमच्या मिलिटरीवाल्यांचं काय म्हणून विचारलं. मी आतून दाराच्या फटीतून फक्त तांब्या बघत होते. त्याला हात लागला नाही. चहावर साय धरली. आत्याबाईंचंही लक्ष तिथंच होतं. आम्ही एकमेकींकडं बघायचं टाळलं.

उठता उठता मामा म्हणाले, "पोराचं औंदा काय जमंना, असं दिसतंय. पुढल्या साली बगू."

मामंजी म्हणाले, "च्या तरी घ्या."

"आत्ताच झाला की, फाट्यावर."

ते गेल्यावर शकू बाहेर गेली. कपबशी उचलून आत आणली आणि चुलीपुढं उभ्यानंच तो गार चहा स्वतः पिऊन टाकला. म्हणाली, "वाया कशाला घालवायचा?"

सात नंबर

मला दवाखान्यात ठेवून घेतलं. गावाबाहेरची लांब खोली, दोन्ही बाजूंनी खिडक्या, खाटांच्या रांगा. सकाळी उठलं की झाकणाच्या डबीत थुंकी. मग सुई. सुई रोज, आलटून पालटून दोन्ही बाजूंना, इतकी की बसायची भीती वाटावी. मग गोळ्या, आणि एक भुकटी पाण्यातून, जिच्या नुसत्या वासानं पोटात ढवळायचं. दुपारी सक्तीनं झोप. संध्याकाळी ताप बघायचा. बाईच्या जन्माला येऊन मी पहिल्यांदाच दिवसा आडवी झाले होते आणि त्याचं सुख घेता येत नव्हतं.

सुईनं कान वाजायला लागले. आत कुणी सतत रहाट ओढतंय असा आवाज. उठलं की भिंत फिरायची. डॉक्टरांनी पुढं सुई बदलली, पण डावा कान गेला तो गेलाच. आत्याबाई भेटायला आल्या तेव्हा रडल्या. "मीच म्हणलं गं, कान म्हणून सांग. माज्याच जिभंला हाड न्हाई." मी म्हणाले, "आत्याबाई, उजवा हाय की अजून."

पण एक गोष्ट तिथं चांगली होती. तिथं कुणाला नाव नव्हतं. सिस्टर खाटेच्या नंबरानं हाक मारायची. मी सात नंबर. आणि बायकांचा आपसांत एक शिरस्ता होता, नव्या बाईला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायचं: हितं गाव इचारायचं न्हाई, आडनाव इचारायचं न्हाई, सासर-माहेर इचारायचं न्हाई. पोरं किती ते चालेल. भाजी कुठली आवडते ते चालेल. मला वाटलं होतं नंबर म्हणजे कैद्याचं जिणं. पण त्या खिडकीपाशी नाव गमावून आलेल्या बाईला तो नंबर पांघरुणासारखा वाटला.

शेजारी आठ नंबर. माझ्याच वयाची, अंगानं काडी. आम्ही एका ताटात जेवलो नाही, पण एका गोष्टीवर पुष्कळ हसलो. ती म्हणायची, "सात, तू बरी झालीस आन् मी बी झाले, तर बाजारात भेटल्यावर वळख द्याची का न्हाई?"

मी म्हणायची, "तू आधी दे, मग मी देते."

"न्हाई गं. कुणीच न्हाई द्याची. नुसतं वांगी घेताना हसायचं."

ती बरी झाली नाही. एका सकाळी तिच्या खाटेभोवती पडदा लावला. तिची माणसं आली आणि रडताना त्यांनी तिचं नाव घेतलं. मला ते ऐकायचं नव्हतं, पण उजवा कान चांगला होता. ते नाव मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथंही लिहीत नाही. बाजारात वांगी घेताना मात्र अजून हसते. माणसांना वाटतं, म्हातारीला वेड लागलं.

मालक सुट्टीवर आले ते थेट ट्रंक घेऊन दवाखान्यात. स्टुलावर बसले. लढाई बघून आलेला माणूस, ट्रंकेची कडी काढत-लावत होता. खिडकीपाशी काय झालं ते त्यांना, डबा घेऊन आलेल्या हौसानं दाराबाहेरच सांगितलं होतं. खाली बघतच म्हणाले, "घ्यायचं हुतंस की गं नाव. मी काय झिजलो आसतो?"

मी म्हणाले, "आला न्हवं घरी? मग झालं."

मला त्यात जिंकल्यासारखंही वाटलं आणि त्याच क्षणी शकू आठवून हरल्यासारखंही.

शकूच्या छातीचा फोटो

मंगलला शकूच सांभाळत होती. आठवड्याला तिला घेऊन यायची, कुंपणापलीकडं उभी राहायची. मंगल तिच्या कडेवर. मी इकडून हात हलवायची. पहिल्यांदा पोर माझ्याकडं झेप घ्यायची. मग नुसतं बघायला लागली. मग एकदा तिनं शकूच्या गळ्याला मिठी मारली आणि तोंड तिच्या खांद्यात लपवलं. शकू म्हणाली, "वैनी, झोप आलीय तिला." सकाळचे दहा वाजले होते.

त्या दिवशी शकू स्वतःचंही बोलली. घरच्या सगळ्यांची तपासणी झाली होती. शकूच्या छातीचा फोटो काढला, अगदी स्वच्छ. मामंजींना वाटलं, आता हेच दाखवायचं. शकू त्यांना आण्णा म्हणायची, मनानं भाबडा माणूस. तो फोटो फडक्यात गुंडाळला, पिशवीत घातला आणि पोरीला घेऊन स्थळं बघत फिरायला लागले. जिथं जातील तिथं आधी फोटो काढायचा, उजेडाला धरायचा. बघा, काही नाही पोरीला.

"ओट्यावर बसून सगळी बघत्यात, वैनी," शकू कुंपणाची तार धरून म्हणाली. "पोरगा बघतोय, त्याचा बा बघतोय, शेजारचा कोण आला तर त्यो बी बघतोय. माजी हाडं मोजत्यात. एक म्हणाला, हितं काय पांढरं दिसतंय? आण्णा म्हणालं, त्ये काळीज हाय. मी तितंच बसलीय खाली मान घालून. मला वाटलं, लुगडं फेडून बसवलं आसतं तर बरं हुतं. ते निदान वरचं तरी आसतंय."

आमच्यामध्ये तार होती आणि माझ्या तोंडावर पदर होता.

"तुमचा राग न्हाई," ती म्हणाली. "पर ह्याच्या फुडं मला कुणी आत बघायचं न्हाई. डाक्टर आसू द्या न्हाई तर देव आसू द्या."

आणि तिनं ते पाळलं. मला तेव्हा कळायला हवं होतं की हे नुसतं बोलणं नाही.

बरी झाले ते

मी बरी झाले. औषध दीड-दोन वर्षं घेतलं, दुष्काळाचं साल त्यातच गेलं. घरी आले तेव्हा मंगल मला "ती बाई" म्हणायची. हळूहळू आई म्हणायला लागली. पुढं मुलगा झाला. आज माझ्या छातीत जुना डाग आहे, डॉक्टर म्हणतात तो मेलेला आहे. ज्यांना आज हे दुखणं झालंय त्यांना मला एवढंच सांगायचं आहे की औषध मधे सोडू नका, आणि डॉक्टरला सगळं सांगा. पण सांगताना दार लावून घ्या म्हणायला लाजू नका. तुमचा तो हक्क आहे. मला तो हक्क आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

शकूचं लग्न झालं. सातारा जिल्ह्यात खंडाळ्याकडं, बिजवराशी, पहिलीची दोन पोरं होती. माणूस वाईट नव्हता. शकूनं ती पोरं वाढवली, स्वतःला मूल झालं नाही. झालं नाही म्हणून तपासायला चल म्हटलं तर गेली नाही. ताप आला तर काढा घ्यायची. पाय मोडला तेव्हा हाडवैद्याकडं गेली, फोटो काढू दिला नाही. गाणं म्हणताना मी तिला पुन्हा ऐकलं नाही. माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. दर दिवाळीला यायची, मंगलला कुरवाळायची, माझ्या उजव्या बाजूला बसायची म्हणजे मला ऐकू यावं.

काही वर्षांमागं ती अशीच आली, दिवाळी नसताना. तोंड उतरलेलं. मी दार लावलं, तिला जवळ बसवलं आणि तिनं मला सांगितलं काय होतंय ते. कधीपासून, हे विचारलं तर म्हणाली, "लय दिस झालं."

मंगलनं धरून तिला सांगलीला नेलं. डॉक्टर चांगल्या होत्या, पडदा ओढून, हळू बोलून तपासलं त्यांनी. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं, आजी. ह्याच्यावर उपाय होता."

मी शकूला विचारलं, "का गं लपवलंस?"

ती भिंतीकडं बघत होती. "फोटो काढला आसता, वैनी. मग त्यो घेऊन कोण कुठं गेलं आसतं, काय सांगावं?" मग माझा हात धरला. "माजं कुणाला सांगू नगा. मेल्यावर बी."

मी तिला शब्द दिला. नवऱ्याचं नाव घेऊन दिला. ते गेले त्याला तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती, आता त्यांचं काही घटणार नव्हतं. शकू एवढ्या दुखण्यातही किंचित हसली. "घेतलं शेवटी," म्हणाली.

ती गेली. तिला काय झालं होतं ते मी इथं लिहिलेलं नाही, आणि लिहिणार नाही. माझं दुखणं माझं होतं, ते मी सांगितलं. तिचं तिचं होतं.

सुतकात माणसं भेटायला येत होती. सोपानतात्यांचा नातूही आला. तात्या जाऊनही फार वर्षं झाली. नातू तसाच भला, तसाच डोळ्यांत पाणी येणारा. आल्या आल्या म्हणाला, "आजी, शकूआत्याला नेमकं काय झालं हुतं वो?"

माझी सून चहा घेऊन आली होती. मी कप उचलून त्याच्या हातात दिला.

"घे बाबा, गार होतोय."

त्यानं घेतला. पुन्हा विचारावं का, असं त्याच्या मनात आलं असणार, माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी बशी त्याच्यापुढं सरकवली. मग त्यानं कप तोंडाला लावला आणि सगळा चहा पिऊन टाकला.